'जेवायलो' म्हणणारं गाव

पुण्यातल्या ऑफिसात एकदा घरच्या फोनवर 'जेवायलो' म्हणालो आणि अख्खं कॅन्टीन हसलं. तेव्हापासून मी 'जेवतोय' म्हणतो.

पण दिवाळीला धुळे-सोलापूर हायवेवर गेवराईला उतरून चकलांब्याची काळी-पिवळी धरली, की जीभ आपोआप सैलावते. उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला बालाघाटचे डोंगर आणि मधे ही बोली. इथं 'हो' नाही, 'हौ'. 'आई' नाही, 'माय'. 'काय करतोयस'ला 'काय करायलास?' १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा, त्यामुळे उर्दूही बोलण्यात सहज मिसळलेली.

यंदा गेलो तेव्हा चुलतीची बांधाबांध चालली होती. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. माझं 'जेवतोय' ऐकून ती म्हणाली, "आमी सहा महिने फडात ऱ्हातो, पर बोलणं आपलंच. तुलाच काय झालं रं?"

मंडळी, मराठवाड्यातली खेडी बघायची तर पाडव्यानंतर जा. कोयते परतलेले असतात, गावं भरलेली असतात. ऊन मात्र कडक!

सोमवारी कॅन्टीनमध्ये मायचा फोन आला. "काय करायलास?"

"जेवायलो," म्हणालो. जरा मोठ्यानंच.