ऐंशी पुरुष खोल

संस्कृतातील 'पत्' या धातूविषयी विद्यार्थ्यांशी बोलताना मला नेहमी एक गंमत वाटत आली आहे. उडणे आणि पडणे या दोन्ही क्रिया हा एकच धातू सांगतो. पाखराचा पंख तो पतत्र आणि माणसाचे घसरणे ते पतन. पतंगही त्यातलाच आणि पतितही त्यातलाच. ग्रीक भाषेतही हाच प्रकार आहे. पंखाला असलेला शब्द आणि पडण्याला असलेला शब्द एकाच मुळातून फुटलेले. हे सारे फळ्यावर मांडून मी पुढच्या मुद्द्याकडे वळत असे. ज्यांनी ही भाषा घडवली त्यांना या दोन क्रियांत भेद करावासा का वाटला नसेल, हा प्रश्न मात्र मी स्वतःला कधी विचारला नव्हता. तो माझ्यापुढे उभा राहिला 2023 च्या सप्टेंबरात, अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील एका पुलाच्या कठड्याबाहेर.

ट्विन फॉल्स हे त्या गावाचे नाव. एका परिसंवादासाठी त्या बाजूला गेलो होतो आणि दोन दिवस हाताशी मोकळे होते. गावाच्या उत्तरेला जमीन एकाएकी संपते आणि खाली स्नेक नदीची घळई दिसते. काळ्या बेसॉल्टचे उभे कडे पाहून सह्याद्रीच्या माणसाला क्षणभर घरी आल्यासारखे वाटते. दगड तोच, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. भूवैज्ञानिक सांगतात की हिमयुगाच्या अखेरीस बॉनव्हिल नावाचे एक प्रचंड सरोवर फुटले आणि त्याच्या लोंढ्याने ही घळई आजच्या रूपाला आणली. या ठिकाणी घळईवर 1927 मध्ये एक पूल बांधला गेला. आज उभा असलेला पोलादी कमानीचा पूल 1976 चा. त्याला पेरीन यांचे नाव दिले आहे. या ओसाड माळावर नदीचे पाणी खेळवून शेती उभी करणाऱ्यांत ते अग्रणी होते. पुलाची लांबी सुमारे 1,500 फूट आणि पाण्यापासूनची उंची 486 फूट.

उडीचे वेड या घळईला जुने आहे. पुलापासून जवळच, दक्षिणेकडच्या कड्यावर, मातीचा एक उंचवटा अजून दिसतो. 8 सप्टेंबर 1974 रोजी एव्हल क्नीव्हल हा साहसवीर तेथून वाफेच्या अग्निबाणात बसून घळई ओलांडायला निघाला. अग्निबाण सुटता सुटताच त्याची हवाई छत्री अवेळी उघडली आणि वाऱ्याने त्याला मागे ओढून घळईच्या तळाशी आणून सोडले. त्याचा बेत छत्रीने मोडला, आणि त्याचा जीवही छत्रीनेच वाचवला.

पुलावरून छत्री बांधून उडी टाकणाऱ्यांची आज एक स्वतंत्र परंपरा आहे. इमारत, मनोरा, पूल आणि कडा या चार ठिकाणांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'बेस' म्हणतात. कार्ल बेनिश याने 1978 मध्ये कॅलिफोर्नियातील एल कॅपिटन कड्यावरून घेतलेल्या उड्यांचे चित्रीकरण केले आणि तेथून या खेळाला ओळख मिळाली. पुढे 1984 मध्ये नॉर्वेतील एका कड्यावरून उडी टाकताना तो गेला. अशा उड्यांना बहुतेक ठिकाणी मज्जाव असतो. पेरीन पुलावर मात्र त्या बारा महिने, कोणत्याही परवान्यावाचून टाकता येतात. म्हणून जगभरचे उडी टाकणारे येथे येतात, आणि माझ्यासारखे, ज्यांनी आयुष्यात अशी उडी पाहिलेलीही नाही, तेही. नवख्या माणसासाठी जोडउडीची सोय असते. जाणत्याच्या छातीशी नवख्याची पाठ पट्ट्यांनी बांधायची आणि दोघांनी मिळून एका छत्रीवर उतरायचे.

मी तेथे उडी टाकायला गेलो नव्हतो. कठड्यापासून हातभर दूर उभा राहून पाहत होतो. उंचीची मला लहानपणापासून धास्ती आहे. रायगडावर टकमक टोकाकडे मित्र जात तेव्हा मी जगदीश्वराच्या देवळात बसून राहत असे. पण त्या सकाळी एक साठीच्या घरातली बाई माझ्यासमोर कठड्याबाहेर गेली, खाली न पाहता समोर पाहत राहिली आणि नाहीशी झाली. थोड्याच वेळाने तिचे हसणे घळईतून वर आले. मी त्यांच्या माणसाजवळ गेलो आणि चौकशी केली. चौकशीच करतो आहे, अशी माझी समजूत होती.

तो चाळिशीचा, मितभाषी माणूस होता. त्याने समजावून सांगितले ते असे. विमानातून उडी घेणाऱ्याला हजारो फूट मिळतात, आणि एक छत्री बिघडली तर दुसरी उघडायला अवधी असतो. पुलावर तो अवधी नाही, म्हणून येथे छत्री एकच. विमानातल्या उडीत छत्री हळूहळू उघडावी म्हणून दोऱ्यांवर सरकणारे एक कापड असते. इतक्या कमी उंचीवर ते काढून टाकतात. मोठ्या छत्रीला ओढून बाहेर काढणारी लहान छत्रीही येथे आकाराने मोठी लागते, कारण सुरुवातीला वेग थोडा आणि वारा अपुरा. मग त्याने पुलाकडे बोट केले. नवख्याला कड्यापेक्षा पूल बरा, असे त्याचे म्हणणे. कड्यावर छत्री भलत्या दिशेला तोंड करून उघडली तर समोर खडक येतो. पुलाखाली चहूकडे हवाच असते.

मग त्याने कागद पुढे केला. जे काही होईल त्याला मीच जबाबदार, अशा अर्थाची पाच पाने होती. ती मी सराईतपणे वाचली. मजकूर वाचणे हा माझा धंदाच आहे. शेवटच्या पानावर एक रकाना होता : काही बरेवाईट झाल्यास कोणाला कळवावे. मी लेखणी टेकवली आणि आईचे नाव लिहिले. वडील 2019 मध्ये गेले. लिहून झाल्यावर ते नाव मी पाहत राहिलो. तिला कळवण्याचे काम एखाद्या परक्या माणसाच्या हाती देण्याआधी निदान आपण तरी बोलावे, असे वाटले.

येथे विहिरीची गोष्ट सांगणे भाग आहे. वाईजवळच्या आमच्या गावी मळ्यात एक विहीर आहे. 1987 च्या वैशाखात, मी नऊ वर्षांचा असताना, वडिलांनी मला पोहायला शिकवायला काढले. पाणी दोन पुरुष खाली गेले होते. बरोबरीची मुले मुटके मारत होती, सूर मारत होती. मी काठावर उभा होतो आणि 'थांबा, बाबा, थांबा' म्हणत होतो. वडील मागे होते. मग पाठीवर दोन तळवे लागले आणि मी खाली गेलो. पाण्याचा थंड हिरवा काळोख, नाकात शिरलेले पाणी आणि पाठीवरचे ते दोन तळवे. त्या दिवसाची माझ्याजवळ एवढीच शिल्लक आहे. पोहायला मी शिकलो. परंतु त्यानंतर वडील मागे उभे असले की मी नकळत बाजूला सरकत असे. त्यांच्या ते लक्षात आले असणार. बोलले मात्र कधी नाहीत. आमच्यात जे अंतर पडले ते पुढे कमी झाले नाही.

तेथे सकाळचे नऊ वाजले होते. म्हणजे गावी रात्रीचे साडेआठ. आईने फोन उचलला.

"आई, इथे एका पुलावरून उडी टाकावी म्हणतो आहे. छत्री बांधून."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "विचारतोस की सांगतोस?"

मला उत्तर देता येईना.

"विचारत असशील तर मी नको म्हणेन," ती म्हणाली. "सांगत असशील तर तुझं तू बघ. एकटा आहेस?"

"नाही. एक माहीतगार माणूस आहे. त्याला बांधलेला असेन."

"म्हणजे विहिरीसारखंच की."

"विहिरीत बाबांनी मला ढकललं होतं, आई." छत्तीस वर्षांत हे वाक्य मी तिच्यासमोर प्रथमच उच्चारले.

"ढकललं होतं," ती लगेच म्हणाली. "मी तेव्हाच त्यांना बोलले होते, पोर नको म्हणतंय तर कशाला. पण दोर होता ना रे तुझ्या कमरेला. हाताला गुंडाळून धरला होता त्यांनी. तू गेलास तो झटक्याने, तळहाताची सालटं निघाली. आठ दिवस चमच्याने जेवत होते."

मी फोन ठेवला. दोर मला अजिबात आठवत नव्हता. अजूनही आठवत नाही. पण एका हाताला जर दोर गुंडाळला होता, तर पाठीवर दोन तळवे असणार कसे? ज्या स्मरणावर मी इतकी वर्षे विसंबलो, त्यात निदान एक तळवा माझ्या पदरचा होता. मजकुराच्या प्रतींमधले पाठभेद तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. ही एक प्रत मात्र मी कधी दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहिली नव्हती.

तरीही वडिलांना एकदम निर्दोष ठरवण्याचा मोह मी टाळला, आणि आजही टाळतो. दोर धरला होता हे खरे, आणि ढकलले हेही खरे. मराठीला हा भेद चांगला ठाऊक आहे. आपण उडी टाकतो, उडी घेतो, स्वतःला झोकून देतो. आणि दुसऱ्याने लोटले तर त्याला कडेलोट म्हणतो. खाली पडणारा देह तोच असतो, खोलीही तीच असते. फरक फक्त काठावरच्या त्या एका क्षणाचा, की तो कोणाच्या मालकीचा होता.

मी सही केली. पट्ट्या बांधताना तो माणूस प्रत्येक कडी दोनदा ओढून पाहत होता. आम्ही कठडा ओलांडून बाहेरच्या अरुंद पट्टीवर उभे राहिलो. मागून मोटारी जात होत्या आणि पूल पायाखाली बारीक थरथरत होता. खाली नदी हिरवी आणि स्तब्ध दिसत होती. तिच्या काठाचे गोल्फचे मैदान रुमालाएवढे. पुरुषाच्या मापाने मोजले तर विहिरीत दोन पुरुष होते, येथे ऐंशी. माझे पाय माझे राहिले नव्हते.

तो कानाशी म्हणाला, "मी ढकलत नाही. तुम्ही हो म्हटलंत तरच आपण जाऊ. नाही म्हटलंत तर परत आत जाऊ, त्यात काही कमीपणा नाही."

इतके साधे वाक्य. पण ते ऐकायला मला छत्तीस वर्षे लागली होती. मी लगेच हो म्हटले नाही. 'थांबा' म्हणालो. तो थांबला. हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते : तो थांबला. त्या थांबण्यात किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग मी हो म्हणालो, त्याने तीन आकडे मोजले आणि आम्ही पाऊल टाकले.

पदार्थविज्ञानाचे गणित असे, की पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे पाच मीटर जाते, दोन सेकंदांत वीस आणि तीन सेकंदांत चव्वेचाळीस. माझ्या अनुभवात पहिल्या सेकंदालाच सगळी खोली सामावली होती. पोट वर राहिले आणि देह गेला. ओरडायचे होते, पण श्वास सापडला नाही. मग खांद्यांना हिसका बसला, डोक्यावर कापडाचा फडफडाट झाला आणि पडणे थांबले. थांबले म्हणजे काय, तर आम्ही अजून खालीच चाललो होतो. फक्त आता त्याला उडणे म्हणायचे होते. कडे हळूहळू वर सरकत होते आणि आमची सावली पाण्यावरून चालली होती. 'पत्' धातूचा अर्थ मला तेव्हा कळला असे म्हणणे दिखाऊपणाचे होईल. पण पडणे आणि उडणे यांच्यामधली रेघ एवढ्या पातळ कापडाची आहे, आणि ते कापड कोणीतरी आधी नीट घडी घालून ठेवलेले असावे लागते, हे कळले. एवढा सारा प्रवास मिनिटभराचाही नसेल. नदीकाठच्या गवतावर आम्ही बसतच उतरलो.

याला मी धैर्य म्हणणार नाही. जोडउडीत नवख्याला करण्यासारखे काहीच नसते. छत्री दुसऱ्याने घडी केलेली, कड्या दुसऱ्याने तपासलेल्या, दिशा दुसऱ्याने राखलेली. त्याच्याकडे असतो तो एकच शब्द, होकाराचा किंवा नकाराचा. तेवढा त्याच्याकडे राहू द्यावा, ही त्या माणसाची रीत मला त्याच्या सगळ्या कसबाहून मोठी वाटली. वर्गात, घरात, मुलांना काही शिकवताना आपण दोर धरलेला असतो, हे आपल्याला पक्के ठाऊक असते. म्हणून ढकलण्याचा हक्कही आपल्याकडे आला असे आपण धरून चालतो. माझ्या वडिलांनी तसे धरले. एका विद्यार्थिनीला तिची तयारी नसताना भर परिसंवादात निबंध वाचायला लावले तेव्हा मीही तसेच धरले होते. नदीकाठी बसल्या बसल्या मला ती आठवली, आणि तिला आपण पत्र लिहायला हवे, असे वाटले. ते पुढे लिहिले.

आईला मी लगेच फोन केला नाही; तिकडे रात्र बरीच झाली होती. पण तासाभराने तिचाच आला. झोप लागली नव्हती.

"झालं?" तिने विचारले.

"झालं."

"लागलं नाही ना?"

"नाही."

ती जरा थांबली. "आणि त्या माणसाचे हात?" ती म्हणाली. "सोलले नाहीत ना?"