मागाच्या खोलीतला पडदा

प्रोजेक्टर घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" दुसरा येतो, "फोर-के पाहिजे काय?" खोली केवढी, भिंती कुठल्या रंगाच्या, बघणार कोण, हे कुणी विचारत नाही. दिवाळीनंतर आमचा जुना प्रोजेक्टर बंद पडला आणि नवा निवडायचं काम घरच्यांनी माझ्यावर टाकलं, कारण मी बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलंय! दोन महिने मी माहितीपत्रकं वाचली. पण खरी निवड केली ती आमच्या खोलीनं आणि आज्जाच्या डोळ्यांनी.

बेळगावात शहापूर, वडगाव, खासबाग या भागात विणकरांची जुनी घरं आहेत. रस्त्यावरून अरुंद, आत खोलच खोल. आमचंही तसंच. मधली खोली मागाची. पूर्वी तिथं खड्डामाग होता, मग यंत्रमाग आला, तोही गेला. खड्डा बुजवून वर शहाबादी फरशी घातली. खोली नऊ फूट रुंद आणि चौदा फूट लांब. वर कौलं, आणि त्यातली तीन काचेची. धागा तुटला तर दिसायला पाहिजे म्हणून आज्जाच्या वडिलांनी ती बसवून घेतलेली. म्हणजे ही खोली मुळात उजेडासाठी बांधलेली आणि आम्ही तिथं अंधारातलं काम करणार.

जुना प्रोजेक्टर काकांनी एका बंद पडलेल्या क्लासमधून आणला होता. त्यावर आठवड्यातून दोनदा सिनेमा चालायचा. गल्लीतले दहा-पंधराजण यायचे. आज्जासाठी 'संत तुकाराम', शेजारच्या अक्कांसाठी राजकुमारचा 'बंगारद मनुष्य'. मराठी सिनेमाला अक्का डोळे पुसायच्या, कन्नड सिनेमाला आमची आई. मग त्याचा दिवा गेला. तो दिवा आता कुठं मिळेना, आणि एके ठिकाणी मिळाला तर त्याची किंमत यंत्रापेक्षा जास्त.

बाबा म्हणाले, "कशाला कटकट? पंचावन्न इंची टीव्ही आणू. दिवसासुद्धा दिसतो, क्रिकेट बघता येतं."

बाबांचं चूक नव्हतं. उजेडाच्या खोलीत टीव्हीच चांगला. पण आज्जाच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग, कडेचं मात्र दिसतं. म्हणून तुकारामांचा चेहरा बघायचा असला की तो पडद्याच्या काठाकडं नजर ठेवतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वस्तू मोठी असू दे, जवळ असू दे आणि काळं-पांढरं ठळक असू दे. पंचावन्न इंची टीव्हीचं चित्र सत्तावीस इंच उंच. आमच्या जुन्या प्रोजेक्टरचं सत्तावन्न इंच होतं. टीव्ही आला तर आज्जाला सिनेमा नुसता ऐकायला मिळाला असता. तो तक्रार करणारा माणूस नाही, गप्प बसून ऐकला असता. मला तेच नको होतं.

मग मी टेप घेऊन बसले. प्रोजेक्टर टांगायला खोलीत एकच जागा. पडद्याच्या भिंतीपासून साडेनऊ फुटांवर तुळई आहे, तिथंच. भिंतीपासूनच्या अंतराला चित्राच्या रुंदीनं भागलं की जो आकडा येतो त्याला थ्रो रेशो म्हणतात. तो भिंगावर ठरतो आणि प्रत्येक यंत्राच्या माहितीपत्रकात असतो. जुन्याचा दीड होता. ११४ इंच अंतर, ७६ इंच रुंदी.

दुकानदारानं दीडचाच नवा दाखवला. "सेम टु सेम बसतंय बघा, काय बदलायला नको." रुंदी तीच बसत होती, उंची नाही. जुनं यंत्र चारास तीन या आकाराचं होतं, हे नवं सोळास नऊ. ७६ इंच रुंदीला नवं चित्र जेमतेम त्रेचाळीस इंच उंच. आज्जाचे १९३६-४०चे सिनेमे तर चौकोनी, त्यांच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणार. म्हणजे नवं यंत्र आणून त्याचा तुकाराम चौदा इंचांनी बुटका झाला असता. थ्रो रेशो १.२ चा घेतला तर त्याच तुळईवरून ९५ इंच रुंद आणि ५३ इंच उंच. नऊ फुटांच्या भिंतीत बरोबर मावतं, खाली साडेतीन फूट मोकळे राहतात, चटईवर बसलेल्यांची डोकी आड येत नाहीत. फोर-केचा विषय तिथंच संपला. बारीक ठिपके वाढवून आज्जाला काही मिळणार नव्हतं. उंचीनं मिळणार होतं.

आता उजेड. बघणाऱ्यानं पहिल्यांदा ल्युमेनचा आकडा बघायचा अशी पद्धत आहे, आणि फसवणूक तिथंच होते. पाच-सहा हजारांच्या खेळण्यांवरसुद्धा 'दहा हजार ल्युमेन' छापलेलं असतं. कसं मोजलं, ते लिहिलेलं नसतं. एएनएसआय किंवा आयएसओ पद्धतीनं मोजलेला आकडाच धरायचा. थिएटरच्या पडद्याचं जुनं प्रमाण सोपं आहे. साध्या पांढऱ्या पडद्यावर दर चौरस फुटाला साधारण सोळा ल्युमेन. आमचा पडदा पस्तीस चौरस फूट, म्हणजे ५६० झाले! दिवा जुना झाला की उजेड निम्म्यावर येतो, सिनेमाचे रंग लावले की आणखी उतरतो. हे सगळं धरूनही अडीच हजार खरे ल्युमेन पुष्कळ. पण हा हिशेब अंधाऱ्या खोलीचा. दिवसा तीन काचेची कौलं उघडी असताना कितीही ल्युमेन ओता, चित्र फिकंच.

कारण प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. तो फक्त उजेड टाकतो. जिथं काळं दाखवायचं तिथं तो शक्य तेवढा गप्प राहतो, आणि मग भिंत जेवढी अंधारात असेल तेवढंच काळं दिसतं. पांढरा रंग यंत्र देतं, काळा रंग खोली देते. आज्जाला हवं असलेलं 'ठळक' दुकानात मिळणारच नव्हतं, ते घरातच करायला पाहिजे होतं.

म्हणून मी काचेच्या कौलांवर पत्रा टाकायचं काढलं. आज्जा चटईवर बसून ऐकत होता. म्हणाला, "कौल झाकू नको बघ पोरी. घड्याळ दिसत नाही मला. उजेड कुठवर सरकलाय त्यावरनं कळतंय किती वाजले ते."

मी त्यावर काहीच बोलले नाही. ज्या डोळ्यांसाठी ही सगळी आकडेमोड चालली होती, त्याच डोळ्यांना दिवसभर धरायला ती तीन कौलं होती. मग आम्ही कौलं ठेवली आणि वेळ बदलली. रविवार दुपारचा खेळ बंद, दिवेलागण झाल्यावर सुरू. पोरांनी आरडाओरडा केला, बाबांचं क्रिकेट मोबाइलवरच राहिलं. पण खोलीला बाहेरून अंधार फुकट मिळाला.

बाजूच्या भिंती चुन्यानं पांढऱ्या. पडद्यावरचा उजेड त्यांच्यावर आपटून परत पडद्यावर येतो आणि काळं राखाडी करतो. आईनं माळ्यावरची दोन काळी घोंगडी काढली आणि पडद्याजवळ दोन्ही भिंतींना टांगली. उजेड शोषला गेलाच, शिवाय फरशीमुळं आवाज घुमायचा तोही कमी झाला. खर्च, चार खिळे.

यंत्र कुठल्या जातीचं, हे आईनं ठरवलं. दुकानात एका चिपचा डीएलपी लावला होता. त्यात रंग एकापाठोपाठ एक पडतात आणि डोळा ते जोडून घेतो. काहींना मात्र नजर हलवली की इंद्रधनुष्यासारख्या रेघा चमकलेल्या दिसतात. मला काही दिसलं नाही, आईचं पाच मिनिटांत डोकं धरलं. म्हणून तीन एलसीडी पट्ट्यांचा घेतला, ज्यात तिन्ही रंग एकदम पडतात. त्याची एक अडचण आहे. त्याला हवेचा फिल्टर असतो, आणि आमच्या गल्लीत अजून माग चालतात, सुताची तूस हवेत असतेच. दर महिन्याला फिल्टर साफ करायचं काम माझ्याकडं आलंय. यंत्र तुळईला उलटं आणि अगदी सरळ टांगलं. वाकडं टांगून बटणानं चित्र चौकोनी करता येतं, पण त्यात चित्राचे कोपरे कापले जातात, आणि आम्हाला उंचीचा एक इंचही सोडायचा नव्हता.

सगळे मिळून बासष्ट हजार गेले. त्यातले वीस आज्जानं दिले, यंत्रमाग विकला तेव्हाचे. बाबा नको म्हणाले तर त्यानं त्यांना एका शब्दात गप्प केलं, "माझी खोली हाय ती."

पहिल्या खेळाला त्याची खुर्ची पडद्यापासून चार फुटांवर ठेवली. सिनेमा संपेपर्यंत तो काही बोलला नाही, फक्त मान नेहमीसारखी जरा वळवून बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला हिशेब सांगितला. दिवा चार हजार तास चालतो. आठवड्याला दोन खेळ, सहा तास. वर्षाला तीनशे बारा. म्हणजे एक दिवा जवळजवळ तेरा वर्षं. शिवाय मागच्यासारखं व्हायला नको म्हणून एक जादा दिवा आत्ताच मागवून ठेवलाय.

आज्जा एक्क्याऐंशीचा आहे. बोटांवर मोजून म्हणाला, "तेरा आणि तेरा, सव्वीस. बस की मग. एवढ्यात काय, तुकाराम पाठच होईल माझा."