सिमेंटाचा भोपळा

अमेरिकेंत ३१ ऑक्टोबरला हॅलोविन हा भुताखेतांचा सण असतो. आयर्लंडांत त्यासाठीं पूर्वीं सलगमावर भेसूर चेहरे कोरीत. अमेरिकेंत ती जागा भोपळ्यानें घेतली. कोरलेला भोपळा आठवड्यांत कुजतो, म्हणून न्यू जर्सींतील माझ्या नातवानें यंदा तो सिमेंटाचा केला. मुलें घरोघर खाऊ मागतात ती भोपळ्याच्या आकाराची प्लॅस्टिकची स्वस्त बादली, हाच साचा. तिला आंतून तेल लावावें; एक भाग सिमेंट व तीन भाग वाळू बेताच्या पाण्यांत कालवून ओतावी; बादली हलकेच ठोकून बुडबुडे घालवावे. हातमोजे मात्र अवश्य घालावे, कारण ओलें सिमेंट कातडी भाजतें. दुसरे दिवशीं साचा कापून काढला, तरी भोपळा आठवडाभर ओला ठेवावा. सिमेंट वाळून नव्हे, तर पाण्याशीं संयोग पावून कठीण होतें.

चैत्रांत आजी गेल्यापासून नातू रात्रीं दिवा मालवूं देत नसे. भोपळ्यावर पाणी शिंपतांना त्यानें विचारलें, "आबा, आजीसुद्धां भूत झाली का?"

मी म्हटलें, "बाळ, संस्कृतांत भूत म्हणजे जें होऊन गेलें तें. त्या अर्थानें झाली. आपली आजी होऊन गेली."

तो कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या बादलीला तेल लावूं लागला. त्या रात्रीं दिवा त्यानेंच मालवला.