यंत्रासोबत हातही द्यावा

आमच्या वसमतच्या मोंढ्यात जाणकार व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. वरच्या झिलईवर भाव ठरवीत नाही. ही पारख वर्षानुवर्षे वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसूनच येते. माझी पुतणी पुण्यात अतिदक्षता विभागात रेस्पिरेटरी थेरपिस्ट, म्हणजे श्वसन चिकित्सक आहे. व्हेंटिलेटरवरील रुग्णाचा श्वास सांभाळणे हे तिचे काम. तिच्याकडून फुप्फुसाच्या सोनोग्राफीविषयी ऐकले, तेव्हा तिथेही अशाच पारखीला महत्त्व असल्याचे जाणवले.

न उघडता छातीच्या आतले कसे ओळखावे, हा वैद्यकाचा जुना प्रश्न. ऑस्ट्रियाच्या ऑएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून आवाज पारखण्याची पद्धत मांडली. ते खानावळ चालवणाऱ्याचे चिरंजीव. पिंपे ठोकून आतला साठा ओळखण्याच्या रीतीवरून त्यांना हे सुचले, असे सांगतात. १८१६ मध्ये फ्रान्सच्या लेनेक यांनी स्टेथोस्कोप शोधला. सोनोग्राफी आली तरी फुप्फुस तिच्या कक्षेबाहेरच मानले गेले, कारण हवा ध्वनिलहरींना आत जाऊ देत नाही. फ्रान्समधील डॉ. लिश्टेनस्टाइन यांनी मात्र पडद्यावरच्या आभासी रेषांनाच अर्थ असल्याचे दाखवले. आडव्या रेषा हवा सुचवतात. वरून खाली उतरणाऱ्या अनेक उभ्या रेषा फुप्फुसात पाणी साचल्याची शंका निर्माण करतात. आवरणाची सरकती हालचाल थांबलेली दिसली, तर छातीत हवा कोंडल्याचा संशय घ्यावा लागतो. तपासणीची त्यांची पद्धत २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. अत्यवस्थ रुग्णाला खाटेवरून हलवावे लागत नाही, किरणोत्सर्ग नसतो आणि उत्तर काही मिनिटांत मिळते.

परंतु रेषा दिसणे आणि त्या वाचता येणे यांत अंतर आहे. अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली सुमारे २५ तपासण्या केल्यावर प्राथमिक कौशल्य येते, असे २०२० च्या एका अभ्यासात दिसून आले. अमेरिका व कॅनडात श्वसन चिकित्सकांना असे प्रशिक्षण देण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

आपल्याकडे प्रश्न अधिक नाजूक आहे. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा १९८८ मध्ये प्रथम महाराष्ट्राने केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. त्यामुळे सोनोग्राफी यंत्राच्या जागेची नोंदणी आणि ते हाताळणाऱ्या डॉक्टरची पात्रता बंधनकारक आहे. श्वसन चिकित्सक स्वतःच्या जबाबदारीवर ते चालवू शकत नाही. पुतणी डॉक्टरांच्या शेजारी उभी राहून पडदा वाचायला शिकते. मी तिला विचारले, "हे बंधन जाचत नाही का?" ती म्हणाली, "काका, हा कायदा माझ्यासारख्या मुली जन्माला याव्यात म्हणूनच झाला. तो सैल करा, असे मी कशी म्हणू? पण रात्री रुग्णाचा श्वास अडतो, तेव्हा खाटेजवळ मी असते. फुप्फुसापुरती, कडक देखरेखीची वेगळी वाट निघावी, एवढेच वाटते."

तिच्या बोलण्यात मला दोन्ही बाजूंचा विवेक दिसला. २०२१ च्या सहवैद्यकीय व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोग कायद्याने श्वसन तंत्रज्ञांच्या व्यवसायालाही स्थान दिले आहे. पुढची वाट तज्ज्ञांनी व शासनाने ठरवावी.

आपल्या हाती मात्र एक गोष्ट आहे. कोरोनाच्या काळात समाजाने सढळ हाताने यंत्रे दिली. तरीही कित्येक ठिकाणी व्हेंटिलेटर होते आणि ते चालवणारे नव्हते. आपल्या भागातल्या अत्यवस्थ रुग्णाला आजही अनेकदा नांदेड गाठावे लागते. म्हणून कुणाच्या स्मरणार्थ दान देताना रुग्णालयाला आधी विचारावे, "हे चालवणार कोण?" सोनोग्राफी यंत्र असेल, तर नोंदणीचीही खात्री करून घ्यावी, नोंदणी नसलेल्या जागी ते देताच येत नाही. आणि शक्य असेल, तर एखाद्या होतकरू मुलाच्या वा मुलीच्या श्वसन चिकित्सेच्या शिक्षणाचा भार उचलावा. आपल्याकडे करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींचे फळ सांगितले आहे. अशा शिक्षणाने एखाद्याचा श्वास सावरला, तर त्या पुण्यात शिकवणाऱ्याचा, शिकणाऱ्याचा आणि खर्च उचलणाऱ्याचा, तिघांचाही वाटा राहील.