काळ्या मातीचं सेटअप शीट

रिमोटची गाडी म्हटलं की बहुतेकांना जत्रेत मिळणारी लाल प्लॅस्टिकची गाडी आठवते. दोन दिवस चालते, तिसऱ्या दिवशी चाक गळतं. मी ज्या गाडीबद्दल लिहितोय ती घरी आली तेव्हा गाडी नव्हतीच. खोक्यात नंबर टाकलेल्या पिशव्या होत्या. त्यांत स्क्रू, बेअरिंग, बारीक दांड्या, प्लॅस्टिकचे हात, चार शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे सुटे भाग आणि एक माहितीपुस्तिका. बॉडी पारदर्शक, रंग आपणच मारायचा. मोटर नाही, बॅटरी नाही, रिमोट नाही, टायरसुद्धा नाहीत. आणि खोक्यावर दिमाखात छापलेलं, स्पर्धेसाठी सज्ज!

या छंदात गाड्या दोन प्रकारच्या मिळतात. एक आरटीआर, म्हणजे रेडी-टू-रन. खोकं उघडा, बॅटरी चार्ज करा, पळवा. दुसरं किट. ते शर्यतीत उतरणाऱ्यांसाठी असतं. मोटर कोणती, टायर कोणते, रिमोट कोणता, हे प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून कंपनी ते देतच नाही. कंपनी सांगाडा देते आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट बदलता येईल अशी सोय देते. किटच्या भाषेत ‘सज्ज’ म्हणजे एवढंच.

मी यवतमाळात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात काम करतो. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी आमच्याकडे येतात, आम्ही त्यांचं तांबं काढून नवीन भरतो. किट मला मिळालं ते पुण्यातल्या एका नोकरदाराकडून. त्याने हौसेने मागवलं होतं, पण जोडायला वेळच मिळाला नाही, म्हणून न उघडताच विकायला काढलं. मोटर, बॅटरी, चार्जर, रिमोट धरून माझे पस्तीस हजार गेले. दोन वर्षं साठवलेले.

बाबांनी रक्कम ऐकली आणि लगेच क्विंटलमध्ये मोजली. आमच्याकडे सगळं तसंच मोजतात. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ७,५२१ रुपये. म्हणजे साडेचार क्विंटलच्या वर कापूस. कळंब तालुक्यातल्या आमच्या कोरडवाहू वावरात पाऊस नीट पडला नाही तर एका एकरात तेवढा होत नाही. बाबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “एका एकराचं खेळनं घेतलं तू.”

हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. यवतमाळचं नाव बाहेरच्यांना कशामुळे माहीत असतं हे मी वेगळं सांगायला नको. अशा जिल्ह्यातल्या मुलाने खेळावर पैसे घालावेत की नाही, हा प्रश्न मला कोणी विचारला नाही तरी मी स्वतःला विचारतोच. सरकारी हिशेबातही ही गाडी खेळणंच आहे. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. देशी खेळणी वाढावीत म्हणून. ते ठीकच आहे, पण शर्यतीचं किट जपान, तैवान, अमेरिकेहून येतं, आणि मोडलेल्या एका हातासाठीही तिकडेच बघावं लागतं.

तिकडे हा खेळ पन्नाशीला आलाय. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ची रेडिओवर चालणारी प्रतिकृती काढली. ती सपाट जमिनीवरची. १९७९ मध्ये त्यांच्याच रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या वाळूमातीत पळणाऱ्या बग्या आल्या. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या टीम असोसिएटेडने आरसी-१० आणली. तिची चासी अ‍ॅल्युमिनियमची होती आणि शॉक तेल भरलेले. ही शर्यतीसाठीच केलेली गाडी होती. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, एकदशांश मापाच्या ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा कॅलिफोर्नियातच झाली. माझी बग्गी त्याच मापाची, मागची दोन चाकं ओढणारी, वजन दीड किलोच्या आसपास.

लोक हसतात. एवढीशी गाडी, एवढा मोठा माणूस. मी त्यांना शकुंतलेची आठवण करून देतो. ज्या गावाने यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अडीच फुटी रुळांवरची आगगाडी शंभर वर्षं मिरवली, त्याने छोट्या गाडीला हसू नये.

जोडायला बसलो तेव्हा माहितीपुस्तिकेतली चित्रं स्पष्ट होती. कोणता स्क्रू कुठे, किती मिलिमीटरचा, सगळं दिलेलं. पण तो स्क्रू तिथे का, हे पुस्तिका सांगत नाही. ते मला इथल्याच माणसांनी सांगितलं.

पहिले आमचे उस्ताद. मोटरवर ‘१३.५ टी’ असं लिहिलं होतं. इंटरनेटवर यावर लांबलचक व्हिडिओ आहेत. उस्तादांनी मोटर हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, “साडेतेरा टर्न. टर्न कमी केले का पळंन जोरात, पन करंट खाईन अन् तापंन.” झालं. पुढे ते म्हणाले, “वावरातली मोटर काहून जळते? व्होल्टेज पडते अन् लोड तेवढाच राहते. तुही बी तशीच जळंन.” तेव्हापासून प्रत्येक फेरीनंतर मी मोटरला बोट लावून बघतो. बोट टिकत नसेल तर पुढचा पिनियन एका दाताने लहान करतो. गाडी थोडी हळू होते, मोटर वाचते.

दुसरे आमच्या गल्लीतले ट्रॅक्टर दुरुस्त करणारे भाऊ. मागच्या दोन चाकांमध्ये डिफरेन्शियल असतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून दोन्ही चाकं वेगवेगळ्या गतीने फिरावीत ही त्याची सोय. किटमध्ये ते सुट्या गिअरांचं येतं. आपण जोडायचं आणि आत सिलिकॉनचं तेल भरायचं. तेल किती घट्ट, हे पुस्तिकेत एका आकड्यात लिहिलेलं. पण घट्ट केल्याने काय होतं? भाऊ म्हणाले, “चिखलात ट्रॅक्टर फसला का एक चाक गरगर फिरते अन् दुसरं ढिम्म उभं राहते, पाहिलं ना? मंग ड्रायव्हर पायाखालचं लॉक दाबते. तुह्या गाडीत लॉक नाही, त्याच्या जागी तेल हाय. जेवढं घट्ट, तेवढी दोन्ही चाकं जोडीनं चालतीन.” मी ते तीनदा खोलून तीन वेगळी तेलं भरून पाहिली. दर वेळी गाडी वळणातून वेगळ्याच स्वभावाने बाहेर पडली.

मग गाडी जमिनीवर आली, आणि पुस्तिकेतले सगळे आकडे लटके पडले.

शर्यतीच्या जगात सेटअप शीट नावाचा एक कागद असतो. नावाजलेले ड्रायव्हर कोणत्या मैदानावर कोणते टायर, कोणतं तेल, किती उंची, चाकांचा किती कल ठेवला होता, ते त्यात भरून सगळ्यांना देतात. मी असे कागद उतरवून घेतले होते. ते होते दाबून गुळगुळीत केलेल्या चिकणमातीच्या मैदानाचे, किंवा कृत्रिम गवताचे. आमची काळी माती बारा महिने एक राहत नाही. पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात वावराला एवढ्या भेगा पडतात की बग्गीचं अख्खं चाक आत जावं. पावसाळ्यात टायरचा लाडू होतो, दीड किलोच्या गाडीला पाव किलो माती चिकटते. खेळण्याजोगे दिवस म्हणजे दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. त्यातही वर भुरभुरीत धूळ आणि खाली टणक. मऊ रबराचे टायर त्या धुळीत नुसते पोहतात. उंच, विरळ काट्यांचे टायर लावले तेव्हा काटे खालच्या टणक थरापर्यंत पोचले आणि गाडी पहिल्यांदा सरळ गेली. उन्हाचंही तसंच. शॉकमधलं तेल तापलं की पातळ होतं. जानेवारीत सकाळी जे तेल बरोबर वाटतं, तेच होळीच्या सुमारास दुपारी गाडीला उड्या मारायला लावतं.

तरीही एक गोष्ट सुटत नव्हती. वळण आलं की पुढची चाकं वळायची, गाडी मात्र सरळ निघून जायची. मी चाकांचा कल बदलला, पुढचे स्प्रिंग बदलले, फरक नाही. एका रविवारी आम्ही गावाबाहेरच्या पडीत जागेवर खेळत होतो. बाजूला एक आबाजी उभे. त्यांच्या तरुणपणी ते शंकरपटात धुरकरी होते.

शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोडीची शर्यत. इथे जोडी पळते आणि घड्याळ सेकंद मोजतं. सेकंदाच्या अंशावर बक्षीस ठरतं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. प्राण्यांचे हाल होतात हे त्यामागचं कारण होतं आणि ते खोटं नव्हतं. पुढे राज्याने कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने महाराष्ट्राला अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो बदललेला कायदा कायम ठेवला. मधली साडेसात वर्षं आबाजींसारख्यांच्या अंगातलं सगळं ज्ञान नुसतं बसून होतं.

आबाजींनी चार फेऱ्या पाहिल्या. पाचव्या फेरीला म्हणाले, “बाबू, तुही गाडी उलाळ हाय.”

बैलगाडीत मागे जास्त ओझं झालं की जू वर उचललं जातं, बैलांच्या खांद्यावर भार राहत नाही. ती गाडी उलाळ. भार फार पुढे गेला तर बैलाच्या मानेवर येतो. गाडी भरणारा माणूस पोतं वीतभर पुढेमागे सरकवून हे साधतो. माझ्या बग्गीत सगळ्यात जड वस्तू बॅटरी. ती पुढेमागे सरकवायला चासीत जागा ठेवलेली असते, मध्ये फोमचे तुकडे घालायचे. सैल मातीत मागच्या चाकांना पकड मिळावी म्हणून मी ती अगदी मागे लावली होती, सगळे कागद तेच सांगत होते. आबाजींच्या शब्दावर मी फोमचा तुकडा काढून मागे घातला. बॅटरी बोटभर पुढे आली. गाडी वळली.

आबाजींना मी रिमोट देऊ केला. त्यांनी घेतला नाही. “मले नको. तू पळव, मी पायतो,” म्हणाले आणि सूर्य बुडेपर्यंत उभे राहिले.

आम्ही चौघं-पाचजण आहोत. यवतमाळात ट्रॅक नाही. फावड्याने माती ओढून दोन उंचवटे केलेत, जुन्या ठिबकच्या नळ्या टाकून कडा आखल्यात. वेळ फोनवर मोजतो. पण एक नियम आम्ही जगातल्या सगळ्या शर्यतींसारखाच पाळतो. तुमची फेरी संपली की रिमोट खाली ठेवायचा आणि ट्रॅकवर जाऊन उभं राहायचं. पुढच्या फेरीत कुणाची गाडी उलटली की धावत जाऊन ती सरळ करायची. याला मार्शलिंग म्हणतात. ज्याच्याशी आत्ता चुरस लागली होती, त्याचीच गाडी आपण उचलतो. आपल्याकडे सावड असते ना, आज तुझ्या वावरात मी, उद्या माझ्या वावरात तू. तसंच.

दोघं जण मागच्या वर्षी पुण्याला गेले, एक कंपनीत, एक क्लासला. त्यांच्या गाड्या माझ्याकडे आहेत. महिन्यातून एकदा मी त्यांच्या बॅटऱ्या तपासतो. लिथियम-पॉलिमर बॅटरी पूर्ण भरून ठेवली तरी बिघडते आणि पूर्ण उतरवून ठेवली तरी मरते. एका सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी लागते. फोनवर ते कामाच्या गोष्टी सांगतात आणि शेवटी विचारतात, व्होल्टेज किती आहे रे? मी आकडा सांगतो.

बाबांना अजून ही गाडी पटलेली नाही, आणि त्यांचा हिशेब चुकीचा आहे असं मला म्हणायचंही नाही. एका एकराचं पीक आहे ते. पण त्या पस्तीस हजारांत मला माझ्याच पायाखालची माती महिन्यागणिक ओळखता यायला लागली, आणि ज्यांना कोणी काही विचारत नव्हतं अशा तीन माणसांना विचारण्यासारखा एक प्रश्न मिळाला. त्याचा भाव क्विंटलमध्ये लावता येत नाही, म्हणून तो शून्य आहे, असं मात्र मी मानत नाही.

तुम्हाला हा नाद लागलाच तर एक सांगतो. पहिलं किट महागातलं घेऊ नका. ज्याचे सुटे भाग देशात मिळतात ते घ्या, कारण पुढचा हात मोडणार हे ठरलेलं आहे. मोटरच्या वेगावर जायचे पैसे चांगल्या चार्जरवर घाला. आणि एक वही करा.

माझ्या वहीत आता अठ्ठावीस पानं भरली आहेत. पहिल्या रकान्यात टायर नाही, मोटर नाही, माती लिहितो: ‘काळी, शेवटचा पाऊस नऊ दिवसांपूर्वी, वर धूळ बोटाच्या पेरभर.’ दोन महिन्यांपूर्वी वणीच्या एका मुलाने मला त्या पानांचे फोटो मागितले. त्यानेही जुनी बग्गी मिळवली होती. मी सगळी पानं पाठवली. आठवड्याने त्याचा मेसेज आला, “दादा, इकडं तुमचं काहीच जमत नाही. आमच्या जागेवर चुनखडीची पांढरी माती आहे अन् वर कोळशाची धूळ.”

त्याखाली एका नव्या वहीच्या पानाचा फोटो होता. पहिला रकाना त्याने भरला होता, बाकीचे अजून कोरे होते.