नाल ढिला होता हो!

रेस संपल्यावर सगळ्यात जास्त काय पळतं? घोडा? छे! घोडा तर तेव्हा अंगावर पाणी ओतून घेत निवांत उभा असतो. पळतात ती माणसांची तोंडं!

विश्वास बसत नसेल तर फेब्रुवारीत इंडियन डर्बीच्या दिवशी महालक्ष्मी रेसकोर्सवर एक चक्कर टाका. साधारण महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. १९४३ पासूनची ही रेस, अंतर २४०० मीटर. अडीच मिनिटांच्या आसपास सगळा खेळ खल्लास! नंतरची चर्चा मात्र रात्री बारचं बिल येईपर्यंत चालते. आम्हा फ्रीलान्सर मंडळींना तिथे पाठवतात ते हॅट्स बघायला. कुणी काय घातलं, कुणाच्या डोक्यावर केवढं मोठं पीस, वगैरे. पण खरं सांगू? मला हॅट्सपेक्षा हॅट्सखालून येणारी वाक्यं जास्त आवडतात. 'जॉकीनं फार लवकर सोडला.' 'जॉकीनं फार उशिरा सोडला.' दोघं एकाच घोड्याबद्दल बोलत असतात आणि दोघांच्या हातात त्याच घोड्याचं फाडलेलं तिकीट असतं.

ही भाषा मला लहानपणापासूनच पाठ आहे. कारण माझा मामा.

मामा बँकेतून रिटायर झालाय, गिरगावात राहतो आणि रेसला जातो तो माझ्या जन्माच्या आधीपासून. पान नाही, तंबाखू नाही, व्यसन म्हणाल तर हे एकच. रेसच्या जुन्या पुस्तकांचे गठ्ठे त्याच्याकडे आहेत. हरलेल्या प्रत्येक घोड्यापुढे पेन्सिलीनं बारीक अक्षरात नोंद. 'स्टार्ट खराब.' 'आत अडकला.' 'ट्रॅक जड.' 'अंतर झेपलं नाही.' आणि जिंकलेल्या घोड्यापुढे? फक्त बरोबरची खूण. या अख्ख्या लायब्ररीचा सारांश मामीनं एका वाक्यात केलाय, ''हरला की घोड्याचा पाय नाहीतर जॉकीचा हात. जिंकला की यांचं डोकं!''

आम्ही सगळे यावर हसायचो. दोन वर्षांपूर्वी मात्र हसू थांबलं. बिल्डिंगच्या रिपेअरीसाठी घरटी पैसे द्यायचे होते, ते मामीनं कपाटात वेगळे काढून ठेवले होते. चाळीस हजार. एका सीझनमध्ये ते थोडे थोडे करत बुकमेकरच्या पेटीत पोचले. मामी रडली नाही, ओरडली नाही. फक्त विचारलं, ''कसे गेले?'' मामाकडे प्रत्येक नोटेचं कारण तयार होतं, आणि प्रत्येक कारणाच्या शेवटी तेच वाक्य होतं, ''पुढच्या वेळी असं होणार नाही.''

तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. बहाणा झालेल्या रेसबद्दल नसतोच मुळी. तो पुढच्या तिकिटाचा ॲडव्हान्स असतो! घोडा कमी पडला असं मान्य केलं, तर माणूस त्याच्यावर परत पैसे लावणार नाही. पण घोडा चांगला आहे, फक्त आत अडकला, असं म्हटलं की पुढच्या रविवारचा रस्ता मोकळा.

मामाशी वाद घालायचं मी ठरवलं. पण त्याच्या पैशांवरून नाही. घरातल्या मोठ्या माणसाला भाची पैशांवरून काय बोलणार? म्हणून लांबच्या घोड्यांवरून सुरुवात केली. दर रविवारी मी लॅपटॉप घेऊन जायचे आणि आम्ही दोघं अमेरिकेतल्या गाजलेल्या जुन्या रेसेस बघायचो. मामी शेजारी भाजी निवडत ऐकायची.

पहिला नंबर बिग ब्राऊनचा. २००८ साली या घोड्यानं केंटकी डर्बी मारली, मग प्रीकनेस मारली. न्यूयॉर्कची बेलमाँट जिंकली असती तर ट्रिपल क्राऊन. १९७८ नंतर तीस वर्षांत कुणाला जमलं नव्हतं. त्याचा ट्रेनर रिक डट्रो रेसच्या आधीच सांगत होता, की निकाल ठरल्यातच जमा आहे. रेसमध्ये काय झालं? शेवटच्या वळणावर घोडा उचलेचना. जॉकी केंट डेसॉर्मोनं लगाम ओढून त्याला जवळजवळ थांबवलाच. नऊ घोड्यांत नववा! जिंकला तो दा तारा, ज्याचा भाव होता एकास अडतीस.

आणि मग सुरू झाली कारणांची रेस. पुढच्या डाव्या पायाच्या खुराला आधीच चीर गेली होती. त्या दिवशी उकाडा भयंकर होता. ट्रॅक खोल होता. पूर्वी त्याला देत असलेलं स्टिरॉइड एप्रिलनंतर बंद केलं होतं, हे ट्रेनरनं स्वतःच सांगितलं होतं. ट्रेनरला स्वतःला विचाराल तर चूक जॉकीची. आणि नंतर एक फोटो बाहेर आला, त्यात मागच्या उजव्या पायाचा नाल सरकलेला दिसत होता.

''बघ!'' मामा खुर्चीतून उठलाच. ''नाल ढिला होता!''

''मामा, सहा कारणं आहेत. सहापैकी हेच का?''

''फोटो आहे ना!''

फोटो आहे, कबूल. पण नाल सरकला होता, एवढंच तो फोटो सांगतो. म्हणून घोडा हरला, हे आपण त्याखाली लिहितो. तोच घोडा दोन महिन्यांत परत पळाला आणि जिंकला. मग सहातलं कुठलं कारण बरं झालं होतं? घोडा बोलत नाही, त्यामुळे हा वाद आजही संपलेला नाही.

पुढच्या रविवारी माइन दॅट बर्ड. २००९ची केंटकी डर्बी, चिखलाचा ट्रॅक, एकोणीस घोडे, भाव एकास पन्नास. सुटतानाच हा बिचारा चेपला गेला आणि पार शेवटी पडला. टीव्हीवरच्या कॉमेंटेटरचं त्याच्याकडे लक्षसुद्धा नव्हतं. शेवटच्या टप्प्यात जॉकी कॅल्विन बोरेलनं त्याला आतल्या रेलच्या कडेनं काढला आणि पावणेसात लेंग्थनं रेस मारली! पुढे गेल्यावर कुठे कॉमेंटेटरला नाव सापडलं.

आता गंमत बघा. हाच घोडा अठरावा आला असता तर? 'स्टार्टलाच चेपला', 'चिखल तोंडावर उडाला', 'पार मागे पडला'. तिन्ही कारणं रेडीमेड! पण तो जिंकला, त्यामुळे तीच कारणं शौर्यकथा झाली. अडचणी जिंकणाऱ्यालाही येतात हो. फक्त त्याच्या अडचणींची यादी कुणी पेन्सिलीनं लिहीत नाही.

मामा दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, ''म्हणजे सगळे बहाणे खोटे?''

प्रश्न रास्त होता, आणि उत्तरही त्यानंच शोधून आणलं. सेक्रेटेरिएट! १९७३ सालच्या केंटकी डर्बीच्या दोन आठवडे आधी वुड मेमोरियल नावाच्या रेसमध्ये हा तिसरा आला. तज्ज्ञ लगेच कामाला लागले. बापाचं, म्हणजे बोल्ड रूलरचं घराणंच लांबच्या रेसचं नाही, पोरगा दमणारच, वगैरे. प्रत्यक्षात घोड्याच्या तोंडात गळू झालं होतं. लगाम ओढला की काय होत असेल, विचार करा. गळू बरं झालं आणि त्यानं डर्बी दोन मिनिटांच्या आत मारली. बेलमाँट तर एकतीस लेंग्थनं! दोन्ही रेसेसमधली त्याची वेळ आजही रेकॉर्ड आहे.

''बघ,'' मामा म्हणाला, ''बहाणा खरा होता.''

होताच. पण मला त्यातलं दुसरंच काहीतरी दिसत होतं. खरं कारण गप्प होतं आणि खोटं कारण माइकवर होतं. गळू तोंड उघडून दाखवता येतं. घराण्यावर मात्र स्टँडमध्ये बसून, घोड्याला हातही न लावता, तासभर बोलता येतं. म्हणून कुणी रेसचं कारण सांगायला लागलं की आधी विचारावं, 'तपासलं कुणी?' हाँगकाँगमध्ये प्रत्येक रेसनंतर जॉकी क्लब घोड्यांचा रिपोर्ट छापतो. कोण कुठे धडकला, कोण लंगडत होता, डॉक्टरांना श्वासनलिकेत रक्त सापडलं का, सगळं. त्याला मी बहाणा म्हणणार नाही. ती माहिती आहे, आणि पुढच्या वेळी त्या घोड्याला माफ करायला हरकत नाही.

दुसरं बघायचं ते बोलणाऱ्याचं पोट. ट्रेनरला मालकाला तोंड दाखवायचं असतं. जॉकीला पुढची राइड हवी असते. तज्ज्ञानं सकाळी पेपरात टिप दिलेली असते, ती संध्याकाळी धुऊन काढायची असते. यांत कुणी खोटारडा असतोच असं नाही. पण प्रत्येकाचं कारण बरोबर त्याच्या सोयीच्या बाजूला पडतं.

म्हणूनच दोन माणसं माझ्या लक्षात राहिली. २०१४ साली कॅलिफोर्निया क्रोम बेलमाँटला हरला, तेव्हा त्याचे एक मालक स्टीव्ह कोबर्न टीव्हीवर भडकले. बाकीचे घोडे आधीच्या दोन रेसेस न पळता ताजेतवाने येतात, हा पळपुटेपणा आहे, असा त्यांचा सूर होता. हा नियम रेसच्या आधीही तोच होता ना? दोनच दिवसांत त्यांनी माफी मागितली, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. दुसरा माइक स्मिथ. झेन्याटा ही घोडी ओळीनं एकोणीस रेसेस जिंकलेली. २०१०च्या ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये ती ब्लेमकडून जेमतेम डोक्याच्या फरकानं हरली. तिची सुरुवातच फार मागून झाली होती, म्हणजे स्मिथकडे कारण तयार होतं. तो रडत रडत म्हणाला, चूक माझी. मामानं ती क्लिप परत लावायला सांगितली. दोनदा.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही रेसला जात नाही, आम्हाला काय त्याचं? अहो, २०२३च्या वर्ल्ड कप फायनलनंतर आपण सगळेच पिच क्युरेटर झालो होतो ना? टॉस, दव, स्लो विकेट! आणि ऑफिसातलं टार्गेट चुकलं की मार्केट स्लो, क्लायंट चिकट. टार्गेट पूर्ण झालं की मात्र टीमची मेहनत. बरोबरच्या खुणेपुढे कारण लिहायची पद्धत तिथेही नाही.

तर, आमची चर्चासत्रं ऐकणाऱ्या मामीनं एक दिवस मेथीची जुडी बाजूला ठेवली. म्हणाली, ''अहो, ही सगळी कारणं तुम्हाला माहीतच असतात, तर आधी का नाही लिहीत? ज्याच्यावर पैसे लावणार, तो का हरेल ते सकाळी लिहा. संध्याकाळी त्याच्याबाहेरचं कारण मी ऐकून घेणार नाही.''

एवढं जर्नालिझम शिकून मला हे सुचलं नव्हतं!

गेल्या सीझनला मामानं ते खरंच केलं. पहिल्या रविवारी फेवरिटपुढे त्यानं लिहिलं, 'अंतर जास्त. वजन जास्त. जॉकी नवा.' मग चष्मा काढून बराच वेळ त्या पानाकडे बघत बसला. ''एवढं सगळं माहीत आहे, तर लावू कशाला?'' आणि लावले नाहीत. घोडा जिंकला की हरला, हे मी मुद्दामच सांगत नाही. ते महत्त्वाचं नाही.

मामा सुधारला वगैरे समजू नका. रेसला तो अजून जातो. पण सात रेसेस असल्या तर दोनवर लावतो, तेही खिशातल्या सुट्ट्या नोटा. रिपेअरीचे पैसे हप्त्याहप्त्यानं कपाटात परत येतायत. मामी मोजून घेते.

एका रविवारी मात्र पंचाईत झाली. मामानं सकाळी पाच कारणं लिहिली होती आणि घोडा भलत्याच सहाव्या कारणानं हरला. शेजारचा घोडा तिरका आला आणि त्याच्यावर आदळला. घरी आल्याबरोबर मामानं तोंड उघडलं. मामी म्हणाली, ''सकाळी लिहिलं होतंत?''

मामानं पेन्सिल काढली, पुस्तक उघडलं आणि त्या घोड्यापुढे एकच शब्द लिहिला.

'हरला.'