वडिलांची सही

माझे वडील चाळिशीनंतर प्रौढ साक्षरतेच्या वर्गात सही शिकले. पुढे उतारवयात हात थरथरू लागला, बँकेतील नमुन्याशी सही जुळेना आणि कारकुनाने शाईची डबी पुढे सरकवली. अंगठा उमटवून ते घरी आले, तेव्हा जेवले नाहीत.

तोच कंप माझ्या उजव्या हातात उतरला. फळ्यावर ‘महाड, १९२७’ लिहिताना खडू तुटे. वसतिगृहातील मुलांनी कधी हसू केले नाही; मात्र एका पालकाने मुख्याध्यापकांना विचारले, “सर घेतात का?” पंचशील स्वीकारलेल्या माणसाला याहून लागट प्रश्न कोणता? गंमत अशी, की या विकारात मद्याने कंप घटकाभर शमतो, हे मला धुळ्याच्या डॉक्टरांकडूनच कळले. अर्थात सल्ला म्हणून नव्हे.

विकाराचे नाव इसेन्शियल ट्रेमर. पार्किन्सनमध्ये हात प्रामुख्याने विसावलेला असताना हलतो. माझा काम करू लागला की. प्रोप्रॅनोलॉल दम्यामुळे चालेना, प्रिमिडोनने वर्गातच झापड येई. तेव्हा जळगावच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी गॅमा नाइफ सुचवले. मूळ कल्पना स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांची, १९५१ ची. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात हे यंत्र १९९७ मध्ये आले. नाव सुरीचे, पण सुरी कोठेच नाही. कोबाल्ट-६० च्या सुमारे दोनशे स्रोतांतील किरण थॅलॅमसमधील काही मिलिमीटरच्या जागी एकवटतात. एकटा किरण वाटेतल्या मेंदूला फारसा बाधत नाही. सारे जेथे भेटतात, तेथील पेशी तेवढ्या निकामी होतात. कोबाल्ट म्हणताच पत्नीच्या डोळ्यांपुढे मात्र कर्करोगाचा वॉर्ड उभा राहिला.

रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. कपाळाला भूल देऊन धातूची चौकट चार स्क्रूंनी बसवली, एमआरआय झाला, मग तासभर यंत्रात मी जागाच. दुखले ते स्क्रू. दुसऱ्या दिवशी हात होता तसाच! परिणामाला काही महिने लागतात, हे आधी सांगितले होते. तरी फसलो, असेच वाटले. चौथ्या महिन्यात फळ्यावर ‘महाड’ वाचण्याजोगे उमटले. अगदी सरळ नाही. त्या आठवड्यात मी बँकेत जाऊन गरज नसताना एक धनादेश लिहिला.

डावा हात अजून थरथरतो. दोन्ही बाजूंना उपचार केल्यास उच्चारांवर परिणाम होण्याचा धोका वाढतो, असे डॉक्टर म्हणाले. निवृत्तीला सात वर्षे आहेत आणि तोवर इतिहास बोलूनच शिकवायचा आहे. म्हणून चहाचा कप मी उजव्या हातानेच धरतो.